आधी कपडा उलटा करून पाहा: टिकाऊ कापड, फिटिंग आणि दुरुस्ती

महागाची जीन्स वर्षभरात मांडीपाशी विरली. चांगल्या शर्टाची कॉलर झिजून दशा निघाल्या. ऑनलाइन मागवलेला कोट खांद्यात मोठा आला. प्रश्न विचारणाऱ्याचं म्हणणं असं, की पैसे मोजूनही हेच होणार असेल तर टिकाऊ कपडा ओळखायचा कसा, आणि हातातल्या या तीनपैकी टेलरकडे नेण्यासारखं नेमकं काय आहे?

मी शिवतो, उसवतो आणि दुरुस्त करतो. त्यामुळे कपडा मला आधी आतून दिसतो, आणि उत्तरही तिथूनच देतो.

किमतीचं आधी बोलून घेऊ. अगदी स्वस्त कपड्यात कापड, दोरा आणि शिलाईला दिलेला वेळ या तिन्हींत हात आखडता घेतलेला असतो, आणि ते पहिल्या काही धुण्यांत उघडं पडतं. तिथून थोडं वर गेलात की वाढीव पैसा खरोखर टिकाऊपणात जातो. त्याही वर मात्र तो नावात, तलमपणात आणि दिसण्यात जातो. तलम कापड अंगाला सुखावतं, पण त्याचा धागा बारीक असतो आणि बारीक धागा लवकर झिजतो. लोकरीच्या सुटिंगवर ‘सुपर 100’, ‘सुपर 150’ असे आकडे असतात. मोठा आकडा म्हणजे मजबूत कापड, अशी बऱ्याच गिऱ्हाइकांची समजूत असते. तो आकडा तंतूच्या बारीकपणाचा आहे: सुपर 100 मध्ये तंतूची सरासरी जाडी फार तर 18.75 मायक्रॉन, सुपर 150 मध्ये 16.25. रोज घालायच्या पँटसाठी मी 100 ते 120 च्या पुढे जाऊ देत नाही. त्यापुढचं कापड क्वचित घालायच्या कोटासाठी ठीक आहे.

टिकाऊपणाचं माझं माप एकच: हा कपडा किती वेळा उसवून पुन्हा शिवता येईल? प्रत्येक कपडा कुठेतरी हार खातोच. तिथे हात घालायला वाव आहे की नाही, यावर त्याचं उरलेलं आयुष्य ठरतं. म्हणून दुकानात आरशासमोर उभं राहण्याआधी कपडा उलटा करा.

पहिली बघायची ती माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड. चांगल्या पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत कमरेपाशी प्रत्येक बाजूला अडीच ते चार सेंटिमीटर माया असते आणि ती खाली बैठकीकडे निमुळती होत जाते. मोहरीच्या, म्हणजे पायाच्या खालच्या कडेच्या, आत चार-पाच सेंटिमीटर दुमड असते. अशी पँट कमरेत वाढवता येते, लांबीत सोडता येते, बैठकीत उसवली तर आत सरकून पुन्हा शिवता येते. बऱ्याच तयार पँटींत मात्र कापड कडेपर्यंत कापून ओव्हरलॉक, म्हणजे कडेला गुंडाळणारी टीप, मारलेलं असतं आणि हाताशी जेमतेम एक सेंटिमीटर उरतो. ती फक्त लहान करता येते. शिवण सुटताना कापडाची कडच फिसकटली, तर पुन्हा शिवायला जागाच राहत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो पुष्कळांना उलटा वाटतो. शर्टाच्या बगलेची किंवा जीन्सच्या मांडीची जी शिवण दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, वरून दोन टिपा मारून बंद केलेली असते, ती सगळ्यांत दणकट. आत कच्ची कड राहतच नाही, त्यामुळे फिसकटायला काही नाही. पण तिच्यात मायाही नसते. अशी शिवण असलेला शर्ट अंगाला नेमका बसणारा घेऊ नका. तो थोडा मोकळाच असावा, कारण पुढे वाढवता येणार नाही.

मग टाके. साध्या शिलाईत एका इंचात दहा-बारा टाके ठीक, चांगल्या शर्टात सोळा-अठराही असतात. सात-आठच्या खाली आलेत तर काम घाईचं आहे. टाके जास्त म्हणून मजबुती जास्त, हेही सरसकट खरं नाही. विरळ किंवा फार तलम कापडाला दाट सुया टोचल्या की ते त्या रेषेवर फाटतं. शिवणीच्या दोन बाजूंना बोटांनी धरून कापड हलकं ताणा. टाक्यांपाशी धागे सरकून शिडीसारख्या फटी दिसल्या तर दोष टाक्यांचा नाही, विणीचा आहे. त्याला दुरुस्ती नाही, कपडा परत ठेवा. काही शिवणी साखळी टाक्याच्या असतात, मागच्या बाजूला साखळीच्या कड्या दिसतात. तो टाका लवचीक असतो, म्हणून जीन्सच्या बैठकीला चांगला, पण एका टोकाने धागा सुटला की पूर्ण रेघ उसवते. सुटलेलं टोक दिसलं तर ओढू नका, गाठ मारा आणि लवकर टीप मारून घ्या.

दोऱ्याबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण ‘दोरा सगळ्यात मजबूत घाला’ असं पुष्कळ जण बजावतात. दोरा कापडापेक्षा किंचित कमजोरच हवा. ताण आला तर आधी शिवण उसवावी, कापड फाटू नये. उसवलेली शिवण दहा मिनिटांचं काम आहे. जाड पॉलिएस्टर दोऱ्याने शिवलेलं तलम सुती कापड शिवणीच्या कडेने कापल्यासारखं फाटतं, तिथे माझ्या हातात फारसं काही उरत नाही.

आता कापड. वजन बघा, पण त्यावरच विसंबू नका. वजन ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे जीएसएममध्ये सांगतात. शर्टाचं पॉपलिन साधारण 100 ते 130, ऑक्सफर्ड 140 ते 180, सुती चिनो पँट 220 ते 280. टीशर्ट 180 च्या पुढे असेल तर अंगावर भरीव वाटतो. डेनिमचं वजन औंसात सांगायची पद्धत अजून टिकून आहे. ते औंस प्रति चौरस यार्ड असतं. एक औंस म्हणजे सुमारे 34 जीएसएम, तेव्हा 12 ते 14 औंसांचं डेनिम 400 ते 475 जीएसएम भरतं. आजकालच्या ताणल्या जाणाऱ्या बऱ्याच जीन्स याच्या पुष्कळ खाली असतात. लेबलवर वजन नसतंच बहुतेक वेळा. मग कापड उजेडासमोर धरा. पॉपलिनमधून बोटांची सावली दिसणं वेगळं आणि बोटंच स्पष्ट दिसणं वेगळं. वीण सगळीकडे सारखी आहे का, की मध्येच विरळ पट्टे आहेत, तेही तिथेच कळतं.

वजनाइतकाच सुताचा पीळ महत्त्वाचा. दोन बारीक धागे एकत्र पिळून केलेलं दुहेरी सूत एकेरी सुतापेक्षा झिजेला जास्त तोंड देतं. उभ्या आणि आडव्या दोन्ही धाग्यांत ते असेल तर उत्तम. काही कापडांत फक्त उभा धागा दुहेरी असतो. कापसाच्या तंतूची लांबीही तशीच. लांब तंतूची टोकं सुतात दबलेली राहतात. आखूड तंतूंची टोकं बाहेर येतात, घासली जातात आणि त्यांचे गोळे होतात. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडावर गोळे जास्त टिकतात याचं कारण गमतीचं आहे: सुती गोळा झिजून गळून पडतो, पॉलिएस्टरचा तंतू मजबूत असल्याने गोळ्याला धरून ठेवतो. म्हणून मिश्र कापड फाटत नाही लवकर, पण जुनं लवकर दिसतं. कामाच्या कपड्यांना मी मिश्र कापड बिनधास्त सुचवतो. रोज मळणाऱ्या, घालून सारखं वाकावं लागणाऱ्या, वारंवार धुवाव्या लागणाऱ्या पँटला शुद्ध सुताचा हट्ट कशाला?

इलास्टेनबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. दोन टक्के इलास्टेनने पँट सुखाची होते, हे मान्य. पण तो रबरासारखा तंतू उष्णतेने आणि क्लोरीनच्या ब्लीचने मरतो. एकदा मेला की गुडघ्याला झोळ येतो, तो इस्त्रीने जात नाही. सुती कापड म्हातारं होतं तेव्हा मऊ पडतं, इलास्टेनचं कापड म्हातारं होतं तेव्हा लोंबतं. आणि पाच-सहा टक्क्यांची चोपून बसणारी जीन्स मी टिकाऊ कपड्यांत धरतच नाही.

तुमच्या जीन्सकडे येतो. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा. मांडीच्या आतल्या बाजूला चालताना कापडावर कापड घासतं. घामातलं मीठ, तेल आणि त्यात अडकलेली बारीक धूळ मिळून कानस झाल्यासारखं होतं. आधी वरचा निळा धागा झिजतो आणि नुसते पांढरे आडवे धागे शिडीसारखे उरतात. तिथेच थांबा आणि जीन्स आणा. भोक पडायच्या आधीची ही अवस्था दुरुस्तीला सगळ्यात चांगली. आतून मऊ, पातळ सुती कापड लावायचं आणि वरून निळ्या दोऱ्याने उभ्या धाग्याच्या दिशेने पुढे-मागे दाट टिपा मारायच्या. आतलं कापड विरलेल्या भागाच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर धड कापडावर जायला हवं. टिपांची टोकं एका सरळ रेषेत संपवायची नाहीत, कमी-जास्त लांबीची सोडायची. सरळ रेषेत संपवलीत तर सगळा ताण त्या रेषेवर येतो आणि नवीन भोक ठिगळाच्या कडेलाच पडतं. कापड ताणलं जाणारं असेल तर आतलं कापडही थोडं ताणलं जाणारं हवं.

इस्त्रीने चिकटणारी ठिगळं मांडीला लावू नका. ती ताठ असतात, कडेने फाडतात, आणि त्यांचा गोंद नंतर सुईला चिकटून माझं काम अवघड करतो. गुडघ्याला तात्पुरती चालतात.

जीन्स वर्षात विरली, याची दोन कारणं मी आधी तपासीन. एक, बैठक फार खाली आहे का? बैठक खाली लोंबत असेल तर प्रत्येक पावलाला मांड्यांमधलं कापड ओढलं आणि घासलं जातं. पँट थोडी उंच, अंगाच्या जवळ आणि मांडीत मोकळी असेल तर तेच कापड पुष्कळ जास्त चालतं. दोन, रोज तीच एक जीन्स घालता का? आलटून-पालटून घातली की घाम सुकायला वेळ मिळतो. जीन्स महिनोन्महिने न धुण्याचं जे खूळ आहे, ते मांडीच्या भागाला मारक आहे, कारण धूळ आतच राहून धागा कापत राहते. थंड पाण्यात, उलटी करून, अधूनमधून धुवा. आणि कारखान्यातून मुद्दाम झिजवून, खरवडून आलेली जीन्स विकत घेणाऱ्याने तिचं निम्मं आयुष्य आधीच खर्च झालंय हे धरून चालावं.

जीन्सच्या खिशाच्या कोपऱ्यांवरचे तांब्याचे रिव्हेट शोभेचे वाटतात, पण जन्मच त्यांचा दुरुस्तीच्या कटकटीतून झाला. कामगारांच्या पँटींचे खिसे सारखे उसवतात म्हणून जेकब डेव्हिस या टेलरने ताणाच्या जागी रिव्हेट ठोकले, आणि 1873 मध्ये त्याने लीवाय स्ट्रॉस यांच्या जोडीने त्याचं अमेरिकेत पेटंट घेतलं. ताण कुठे येतो हे ओळखून फक्त तिथे बळकटी द्यायची, हे अजूनही तितकंच खरं आहे. खिशाची टोकं, चेनचा खालचा शेवट, पट्ट्याचे लूप, बैठकीचा चौक जिथे चार शिवणी मिळतात. नवीन पँट घेताना या जागी दाट आडवे टाके आहेत का ते पाहा. नसतील तर घातल्यावर उसवायची वाट न बघता टेलरकडून मारून घ्या, किरकोळ काम आहे.

शर्टाची कॉलर. ती मानेच्या घड्यांवर झिजते, दाढीचे खुंट आणि घाम दोन्ही तिला खातात. यावरचा जुना उपाय म्हणजे कॉलर उलटवणं. खालच्या पट्टीपासून कॉलर उसवायची, फिरवून झिजलेली बाजू खाली करायची आणि पुन्हा त्याच रेषेत शिवायची. नीट केलं तर शर्ट आणखी काही वर्षं चालतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पण सगळ्या कॉलरी उलटत नाहीत. टोकांना बटणाची काजं असलेली कॉलर फिरवली की काजांची उलटी बाजू वर येते. आत प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवायची जागा असेल तर त्या फटीही वर दिसतात. आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचं कापड असेल तर उलटवायचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी नवी कॉलर करायची. तेच कापड मिळत नसेल तर शर्टाच्या खांद्यावरची आतली पट्टी किंवा खोचून घालायचा असेल तर मागचा खालचा भाग कापून घ्यायचा आणि त्या जागी दुसरं जवळचं कापड बसवायचं. तुमच्या शर्टाचं बाकी कापड धड असेल तर हे जरूर करा. मात्र आधी कोपर आणि पाठीवरचं खांद्याखालचं कापड उजेडात धरा. तिथे जाळी दिसायला लागली असेल तर नवी कॉलर शर्टापेक्षा जास्त जगेल.

कफची कड झिजली असेल तर कफ उसवून दोन-तीन मिलिमीटर आत घेऊन पुन्हा शिवता येतो. हे मी मागितल्याशिवायही सुचवतो.

कोटाचं उत्तर सोपं आहे, पण गोड नाही: परत करा. खांदा हा कोटाचा पाया, आणि तिथला बदल म्हणजे बाही काढायची, खांद्याचं कापड छाटायचं, मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, नव्याने आखायचा, खांद्यातली गादी कमी करायची, अस्तर उघडून पुन्हा बंद करायचं. प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटरच्या पुढे गेलात तर छातीची आणि पाठीची ठेवणच बिघडते. मजुरीही कोटाच्या निम्म्या किमतीला भिडते. खांदा मोठा आहे की नाही हे पाहायला भिंतीला बाजूने टेका. दंड भिंतीला लागण्याआधी कोटाची गादी दबली तर तो मोठा आहे.

इतर बदलांची ढोबळ यादी मनात ठेवली की खरेदी सोपी होते. कंबर आत घेणं सोपं, पण चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे मागचे खिसे एकमेकांकडे सरकतात आणि पँट मागून विचित्र दिसते. कंबर वाढवणं आतल्या मायेइतकंच. लांबी कमी करणं सोपं. बाजूंनी निमुळतं करणं सोपं. कोटाची बाही आखूड करणं सोपं, मात्र बाहीच्या टोकाला खरी उघडणारी काजं असतील तर ते खालून करता येत नाही, वरून खांद्याकडून करावं लागतं आणि काम तिप्पट होतं. पँटची बैठक उंच करणं अशक्यच म्हणा. कोटाची लांबी एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त बदलली तर खिसे आणि बटणं चुकीच्या जागी दिसू लागतात. वाढवताना आणखी एक अडचण येते: जुन्या दुमडीची रेघ, सुयांची भोकं आणि आतला न विटलेला रंग बाहेर येतो. नवीन कपड्यात ते खपतं, पाच वर्षं वापरलेल्या निळ्या चिनोत पट्टा उठून दिसतो.

टेलरला एक वाक्य आवर्जून सांगा: आत घेतलेलं कापड कापू नका. फिटिंग करताना माया छाटून ओव्हरलॉक मारली की काम स्वच्छ दिसतं, पण पुढच्या वर्षी पोट सुटलं की रस्ता बंद. कापड फार जाड असेल आणि आत गोळा होत असेल तरच छाटावं.

कोट नवा घेणारच असाल तर आतला थर तपासा. खालच्या बटणाजवळ बाहेरचं कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगळं करा आणि मध्ये तिसरा थर सुटा सरकतो का ते बोटांनी चाचपा. सुटा थर असेल तर कॅनव्हास शिवलेला आहे. तो उसवता येतो, पुन्हा बसवता येतो आणि वापराने अंगाला वळतो. थर बाहेरच्या कापडालाच चिकटलेला असेल तर तो गोंदाचा. चांगल्या गोंदाचे कोट बरीच वर्षं चालतात. पण वाफेने किंवा ड्राय क्लीनिंगने गोंद सुटला की छातीवर फुगे येतात, आणि त्या फुग्यांवर समाधानकारक दुरुस्ती माझ्याकडे नाही. फक्त छातीपर्यंत कॅनव्हास आणि खाली गोंद, असा मधला प्रकार खिशाला परवडतो आणि माझ्या मते बहुतेकांना पुरेसा आहे.

कापड घेऊन शिवून घेणार असाल, तर सुती कापड आधी धुवा. 1930 च्या सुमारास सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड कारखान्यातच आटवून घ्यायची पद्धत आणली, आणि तशी प्रक्रिया झालेलं कापड नंतर फारसं आटत नाही. पण तशी खात्री नसेल तर मीटरमागे तीन-चार सेंटिमीटर सहज जातात, आणि ते तुमच्या बाहीतून जातात. मापाला जाताना जे बूट घालणार ते घाला, खिशात जे ठेवता ते ठेवा. अंगाला चांगला बसणारा जुना कपडा असेल तर तोही न्या, टेपच्या मापापेक्षा तो जास्त बोलतो. ट्रायलला नुसते उभे राहू नका. बसा, वाका, हात पुढे करा. पाठीवर आडव्या ताणरेषा आल्या तर तो कपडा तिथे फाटणार आहे.

शिवायला टाकताना तीन गोष्टी मागून घ्या: मागच्या शिवणीत भरपूर माया, बैठकीच्या आत पातळ अस्तराचं ठिगळ, आणि पँटच्या मोहरीच्या आत टाचेपाशी पट्टी, म्हणजे बुटावर घासून कड झिजणार नाही. उरलेलं कापड परत मागा आणि कपड्यासोबतच धुवत जा, नाहीतर चार वर्षांनी ठिगळ नवं आणि पँट जुनी दिसते. टेलर नवा असेल तर पहिल्यांदा कोट देऊ नका. एक पँट लांबीला द्या आणि परत आल्यावर उलटी करून बघा.

भोक पडलंच तर काय, हे कापडावर आहे. लोकरीच्या सुटिंगला रफू सुरेख होतो. कपड्याच्याच आतल्या मायेतून किंवा दुमडीतून धागे काढून भोकात उभे-आडवे विणले जातात आणि लोकर थोडी फुगीर असल्याने जोड दडतो. दाट पॉपलिनमध्ये तोच रफू ओरखड्यासारखा दिसतो, तिथे आतून कापड लावून बारीक टीप मारणं बरं. स्वेटरचं भोक दिसलं की लगेच त्याचे सुटे फासे सुईदोऱ्यात अडकवून ठेवा. फासे सुटत गेले की बोटाएवढ्या भोकाची वीतभर शिडी होते. दिसणारी दुरुस्ती ज्यांना आवडते त्यांनी जपानी साशिकोसारखा उठावदार धावदोरा जरूर घालावा. तो कामाच्या कपड्यांसाठीच जन्मला आहे, आणि धावदोऱ्याच्या ओळी विरलेल्या कापडाला खरोखर बळकटी देतात.

चेन बिघडली म्हणजे चेन बदलायची, असं नाही. दात जागेवर असतील आणि चेन मागे उघडत असेल तर बहुधा रनर सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबून पाहा, नाहीतर नुसता रनर बदलून घ्या. दात तुटला असेल तर मात्र पूर्ण चेन बदला, आणि बदलताना धातूची, वायकेकेसारख्या खात्रीच्या कंपनीची घाला.

धुण्याबद्दल थोडक्यात. सुती धागा ओला झाल्यावर जास्त मजबूत होतो, पण व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, ओलं असताना जवळपास निम्मी ताकद गमावतं. व्हिस्कोसचा कपडा पिळलात तर तो धुताना फाटतो, घालताना नाही. लोकरीला आणि रेशमाला क्लोरीनचं ब्लीच लावू नका, ते हे तंतू विरघळवतं. आणि लोकर ठेवून देण्याआधी धुवा. कसरीच्या अळ्या लोकर खातात, पण घामाचे आणि अन्नाचे डाग असलेली जागा त्यांना आधी आवडते.

शेवटी, कधी थांबायचं. फाटलेल्या जागेपासून चार बोटं दूर कापड दोन्ही अंगठ्यांत धरा आणि हलका हिसका द्या. कापड कुरकुरत सुटलं तर ते सगळीकडेच विरलंय, तिथे टाका धरणार नाही. शिवण उसवली असेल, एका जागी फाटलं असेल किंवा एकाच भागात विरलं असेल तर दुरुस्ती करा. सगळं अंगच विरलं असेल तर मजुरी वाया घालवू नका. टाकून देण्याआधी बटणं कापून घ्या, चांगली चेन उसवून घ्या, आणि जीन्सच्या पोटऱ्यांचं कापड कापून ठेवा. ते सहसा धड असतं, आणि वापरून तितकंच मऊ पडलेलं असल्यामुळे पुढच्या जीन्सच्या आतून लावायला नव्या कापडापेक्षा चांगलं.